स्कॅफोल्ड म्हणजे काय? भाजलेल्या जागी नवी त्वचा कशी तयार होते

तव्याचा चटका बसला की फोड येतो, काही दिवसांत खपली पडते आणि खाली नवी कातडी दिसते. त्यामुळे आपल्याला वाटतं की त्वचा कितीही भाजली तरी परत येतेच. तसं नाही. त्वचेचा वरचा पातळ थर, म्हणजे एपिडर्मिस, सतत नवा होत असतो. त्याखालचा जाड थर म्हणजे डर्मिस. रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि त्वचेचा लवचीकपणा, सगळं त्याच्या जिवावर. मोठ्या माणसात हा थर पूर्ण जळाला की शरीर तो पुन्हा बनवत नाही. जखमेच्या कडा आत ओढल्या जातात आणि मध्ये कडक व्रण उरतो. कोपरावर असं झालं तर हात सरळ होत नाही, गळ्यावर झालं तर मान वळत नाही.

इथे स्कॅफोल्ड कामाला येतं. इमारतीला बाहेरून परांची बांधतात ना, इंग्रजीत तिलाच स्कॅफोल्ड म्हणतात. वैद्यकातली ही परांची पेशींसाठी असते. पेशींनी तिला धरून आत शिरायचं आणि आपला माल तिथे रचायचा. ती सोडवायला मात्र कोणी येत नाही, शरीरच तिला हळूहळू विरघळवून टाकतं.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत, बॉस्टनमध्ये. १९७० च्या आसपास जॉन बर्क हे भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे सर्जन आणि एमआयटीमधले पॉलिमरचे प्राध्यापक इओआनिस यानास एकत्र आले. बर्कना खरं तर साधं आवरण हवं होतं. मोठ्या भाजण्यात उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी जातं, जंतू आत शिरतात आणि रुग्ण दगावतो. यानास यांनी गाईच्या स्नायुबंधातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक घटक मिसळून पातळ, सच्छिद्र पत्रा बनवला. त्यावर सिलिकॉनचा थर चढवला.

प्राण्यांवरच्या प्रयोगात अपेक्षा होती की जखम लवकर मिटेल. झालं उलटंच! कडा आत ओढल्या जाणं लांबलं. पण त्या मिळालेल्या वेळात आत जे तयार झालं, ते व्रणापेक्षा डर्मिससारखं जास्त होतं. १९८१ मध्ये दोघांनी १० रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या रुग्णांचं ५० ते ९५ टक्के शरीर भाजलं होतं. पुढे १९९६ मध्ये ‘इंटेग्रा’ या नावाने त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली.

सगळा खेळ भोकांचा

कोलॅजन तर जिलेटीनमध्येही असतं, म्हणजे नुसतं कोलॅजन असून भागत नाही. महत्त्वाची असते ती जाळी. घावनाला जाळी पडली नाही तर तो फसतो, तसंच काहीसं. इंटेग्रातली छिद्रं साधारण २० ते १२५ मायक्रॉनची आहेत. आपला केस ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि पेशी १० ते २० मायक्रॉनची. छिद्र फार लहान असेल तर पेशी बाहेरच अडकतात. फार मोठं असेल तर त्यांना धरायला भिंती कमी पडतात. शिवाय एक छिद्र दुसऱ्यात उघडायला हवं, नाहीतर पेशी बोळात शिरून अडकल्यासारखी होते.

इतकी बारीक भोकं पाडायची कशी? बर्फाने. घरच्या फ्रीजमध्ये सावकाश गोठलेल्या कुल्फीत बर्फाचे खडे लागतात आणि झटपट गोठवलेली कुल्फी मऊ लागते, हे तुम्ही अनुभवलं असेल. कोलॅजनचं पातळ मिश्रण गोठवतानाही तेच होतं. सावकाश गोठवलं तर मोठे स्फटिक, वेगाने गोठवलं तर बारीक. मग निर्वातात ठेवून तो बर्फ वितळू न देता थेट उडवून लावतात, कपाटातली डांबरगोळी उडून जाते तसा. जिथे स्फटिक होता तिथे भोक राहतं.

दुसरं गणित वेळेचं. कोलॅजनचे धागे एकमेकांना किती घट्ट जोडले आहेत, यावर पत्रा किती दिवस टिकेल ते ठरतं. फार लवकर विरघळला तर पेशींना आधार उरत नाही. फार रेंगाळला तर त्याच्याभोवती व्रण धरतो.

रुग्णाच्या अंगावर काय होतं?

जळालेला भाग कापून काढतात आणि स्वच्छ जागेवर पत्रा बसवतात. सिलिकॉन वरून पाणी आणि जंतू सांभाळतं, खालून पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या जाळीत शिरतात. साधारण २ ते ३ आठवड्यांनी सिलिकॉन सोलून त्यावर रुग्णाच्याच मांडीवगैरेवरची अगदी पातळ त्वचा लावतात. पातळ असल्यामुळे मांडीची जखमही लवकर भरते.

मर्यादाही आहेत. अशा त्वचेला केस येत नाहीत आणि घाम येत नाही. ज्याचं निम्मं अंग असं झालंय, त्याला उन्हाळा किती जड जात असेल याचा विचार करा. पत्र्याखाली जंतुसंसर्ग झाला तर तो काढून टाकावा लागतो. किंमतही भरपूर.

मग अख्खा अवयव का नाही?

कारण जाळी स्वतः काही बनवत नाही. पेशी आणि रक्त आजूबाजूच्या जिवंत भागातून यावं लागतं, आणि पेशी रक्तवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनपेक्षा लांब असेल तर ती फार काळ तगत नाही. जखमेवर पसरलेल्या पातळ पत्र्याला हे जमतं. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का रुग्णालयात २०११-१२ मध्ये पाओलो मक्किआरिनी या सर्जनने ३ रुग्णांना प्लॅस्टिकची श्वासनलिका बसवली होती, त्यांच्याच मूळपेशी तिच्यावर सोडून. जगभर कौतुक झालं. तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने मक्किआरिनीला अडीच वर्षांची शिक्षा दिली. ‘लॅबमध्ये अवयव तयार’ असा फॉरवर्ड आला की आधी विचारा, त्याला रक्त कुठून मिळणार?

आपल्याकडे काय आहे?

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून उरलेल्या नैसर्गिक जाळीचं ‘कोलेडर्म’ हे आवरण विकसित केलं. २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. अशा गोष्टी कोणत्या प्राण्यापासून बनतात हे रुग्णाला आधीच सांगायला हवं, असं मला वाटतं. काहींसाठी तो श्रद्धेचा प्रश्न असतो.

मुंबईत सायन रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. दान केलेली त्वचा स्कॅफोल्डसारखी अंगात मिसळून जात नाही, काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तेवढे आठवडेच रुग्णाला जगवतात. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत पेढीला फोन करावा लागतो. पथक घरी येऊन पाय, मांड्या आणि पाठीवरचा फक्त पातळ थर घेतं. रक्तगट जुळवायची गरज नसते.