न सांगता गेलेला राजा

मागच्या महिन्यात आमच्या टीममधला एक मुलगा सोमवारी ऑफिसला आला नाही. फोन बंद. वाटलं, बरं नसेल. मंगळवारीही तेच. बुधवारी एचआरचा मेल आला आणि त्यात त्याच्या नावापुढे आपल्या इंडस्ट्रीतला तो सुप्रसिद्ध शब्द होता : अब्स्कॉन्डिंग. म्हणजे मराठीत फरार. शुक्रवारी संध्याकाळी हाच मुलगा माझ्यासोबत टपरीवर चहा प्यायला होता आणि "सोमवारी रिलीज आहे ना, लवकर येतो" असं म्हणाला होता!

खरं सांगायचं तर मी भयंकर चिडलो. मग दोन दिवसांनी जरा गप्प झालो, कारण याबाबतीत माझा रेकॉर्डही काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. पण त्या वीकेंडला मला सारखी एका राजाची आठवण येत होती. बिननोटीस नोकरी सोडून पळालेल्यांची यादी केली तर पहिला नंबर त्याचाच लागावा. नोकरी होती पोलंडच्या राजेपदाची.

राजा पहारे चुकवून निसटला म्हटलं की आपल्याला १६६६ चं आग्रा आणि मिठाईचे पेटारे आठवतात. पण महाराज शत्रूच्या कैदेतून आपल्या मुलखाकडे निघाले होते. हा गडी स्वतःच्याच राजवाड्यातून, स्वतःच्याच राज्यातून पळाला, आणि मागे त्याचेच दरबारी "महाराज, थांबा" म्हणत घोडे दामटत होते.

तर गोष्ट सुरू होते १५७२ साली. पोलंड-लिथुएनिया या जोडराज्याचा राजा सिगिस्मुंड ऑगस्टस वारला. मूलबाळ नाही, आणि यागिएलोन घराण्यातला हा शेवटचा पुरुष. मग तिथल्या उमरावांनी ठरवलं की नवा राजा निवडायचा. चक्क मतं देऊन. आणि मत काही चार-दोन बड्या लोकांनाच नाही, घोड्यावर बसून मैदानात येऊ शकेल अशा प्रत्येक उमरावाला. १५७३ च्या वसंतात वॉर्साजवळ असे सुमारे ४० हजार मतदार जमले. उमेदवारांत ऑस्ट्रियाचा राजपुत्र होता, स्वीडनचा राजा होता, रशियाच्या 'इव्हान द टेरिबल'चं नावही चर्चेत होतं. जिंकला फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ हेन्री. वय वर्षं २१.

जिंकला तो त्याच्या वकिलामुळे. या वकिलाचं नाव मोंल्युक. काम सोपं नव्हतं, कारण जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली होती आणि त्यात हेन्रीचंही नाव घेतलं जात होतं. पोलंडमध्ये तर प्रोटेस्टंट उमराव भरपूर. पण मोंल्युक पक्का सेल्सवाला. त्याने उमेदवाराचा रेझ्युमे असा काही रंगवला की लोक विसरले. आणि क्लायंटला आश्वासनंही तशीच दिली. फ्रान्सचं आरमार बाल्टिक समुद्रात येईल, जुन्या राजाची कर्जं फेडली जातील, शंभर पोलिश तरुणांचं पॅरिसमधलं शिक्षण फ्रान्सच्या खर्चाने होईल. (सेल्सवाल्यांनी कबूल करायचं आणि डिलिव्हरीवाल्यांनी निस्तरायचं, ही परंपरा फार जुनी आहे.)

या आश्वासनांखेरीज आणखी एक कागद होता, आणि तो जास्त महत्त्वाचा. त्याला पुढे 'हेन्रीची कलमं' असं नाव पडलं. राजाने दर दोन वर्षांनी सेइम, म्हणजे तिथली संसद, बोलावलीच पाहिजे. तिच्या परवानगीशिवाय नवा कर लावायचा नाही. गादी आपल्या मुलाला द्यायची नाही. सिनेटला विचारल्याशिवाय लग्नसुद्धा करायचं नाही. प्रत्येकाला आपापला धर्म पाळू द्यायचा. आणि शेवटी कहर : राजाने हे मोडलं तर प्रजेवर त्याची आज्ञा पाळायचं बंधन नाही. सोळाव्या शतकात! ज्या फ्रान्समध्ये हेन्री वाढला तिथे असं काही बोलणाऱ्याचं डोकं धडावर राहिलं नसतं.

शिवाय एक कौटुंबिक अपेक्षाही होती. मेलेल्या राजाची बहीण आना. हेन्रीने तिच्याशी लग्न करावं, म्हणजे जुन्या घराण्याचा धागा तुटणार नाही, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. आना पन्नाशीची, हेन्री बावीसचा. हेन्रीचा जीव फ्रान्समधल्या एका विवाहितेत अडकलेला. हा कसला जोडा, असं आज आपण म्हणू, पण आनाने ते मनावर घेतलं होतं. आयुष्यभर तिचं लग्न भावाच्या राजकारणात लांबत गेलेलं. पहिल्यांदाच कुणी तिच्यासाठी येत होतं.

१५७४ च्या फेब्रुवारीत हेन्री क्राकूव्हला पोचला. कडाक्याची थंडी. २१ फेब्रुवारीला व्हावेलच्या टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये राज्याभिषेक झाला. पण पहिल्या दिवसापासून बिनसलंच. पोलिश त्याला येत नव्हती, आणि दरबार जी लॅटिन घडाघडा बोलायचा तीही बेताचीच. सिनेटमध्ये तासन् तास वाद चालायचे आणि हा मख्खासारखा बसून राहायचा. (नवीन प्रोजेक्टवर पहिल्या आठवड्यात क्लायंट कॉलवर बसलेल्याने हे चित्र नीट डोळ्यासमोर आणावं.) राज्याभिषेकाच्याच दिवसांत एका बड्या उमरावाने भांडणात दुसऱ्याला जीवघेणं जखमी केलं. हेन्रीने त्याला हद्दपार केलं पण अब्रू शाबूत ठेवली, म्हणजे दोन्ही बाजू नाराज. कलमांना पक्की मान्यता द्यायचं त्याने टाळलं. लग्नाचा विषय तर तो फार सफाईने टोलवायचा. आनाशी गोड बोलायचा, तिच्याबरोबर नाचायचा, तारखेचं मात्र नाव नाही.

आणि मग जूनच्या मध्याला बातमी आली. फ्रान्समध्ये थोरला भाऊ ३० मे रोजी वारला होता. हेन्री आता फ्रान्सचाही राजा.

इथे मला पोलिश सिनेटरांचं कौतुक वाटतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. जायचं तर जा, पण रीतसर जा, सप्टेंबरमध्ये सेइम भरवू, मागची व्यवस्था लावू, मग निघा, अशी त्यांची भूमिका. थोडक्यात, नोटीस पिरियड सर्व्ह करा. हेन्री हो म्हणाला.

१८ जूनच्या रात्री तो सगळ्यांदेखत झोपायला गेला. नोकर गेल्यावर उठला, चार-पाच विश्वासू फ्रेंच लोकांना घेऊन मागच्या दाराने बाहेर पडला, आणि घोड्यावर बसून सीमेकडे सुटला. रस्ता कुणालाच धड माहीत नाही. रात्री रानात वाट चुकले. पिब्राक नावाचा त्याचा मंत्री तर मागेच राहिला आणि पाठलाग करणाऱ्यांच्या भीतीने दलदलीत लपून बसला. ओश्वियेंचिम नावाच्या गावापाशी (हो, तेच, ज्याला जग पुढे आउश्विट्झ म्हणून ओळखू लागलं) ते ओळखले गेले आणि एकच गलका झाला. दरबारातला टेंचिन्स्की काही स्वार घेऊन मागे लागला होता. त्याने राजाला गाठलं ते पश्चिना गावाजवळ, क्राकूव्हपासून साधारण ८० किलोमीटरवर. पण तोवर हेन्री सीमा ओलांडून हाब्सबुर्गांच्या मुलखात शिरला होता. टेंचिन्स्कीने परत चलायची विनंती केली. हेन्री म्हणाला, येईन की परत, आत्ता जाऊ द्या.

हेन्रीची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवं. घरी धाकटा भाऊ टपलेला होता आणि पोलिश लोक आपल्याला अडकवून ठेवतील असं त्याला वाटत होतं. पण मग पुढचं काय? एका रात्रीत ८० किलोमीटर दौडत गेलेला हा माणूस व्हिएन्नाला थांबला, व्हेनिसला थांबला. व्हेनिसने त्याच्या स्वागताला पालाडिओकडून कमान उभारून घेतली होती, तिची सजावट टिंटोरेट्टो आणि वेरोनेझ यांची. मेजवान्या झाल्या, खरेदी झाली. फ्रान्समध्ये ल्योंला पोचायला सप्टेंबर उजाडला. म्हणजे ज्या महिन्यात सेइम भरवून रीतसर निरोप मिळाला असता, त्याच महिन्यात! तीन महिने वाचवण्यासाठी पळाला आणि ते वाटेतच घालवले.

निरोप अगदीच नव्हता असं नाही. खोलीत सिनेटरांसाठी पत्रं ठेवली होती. आणि त्याच्यासोबत पोलंडला गेलेल्या देपोर्त या कवीने 'पोलंडचा निरोप' अशा अर्थाची कविताच लिहिली, तिथल्या थंडीला, घरांना आणि दारूबाजीला नावं ठेवणारी. कोखानोव्स्की या थोर पोलिश कवीने तिला लॅटिनमध्ये सणसणीत उत्तर दिलं. असो.

मला या गोष्टीत पळण्यापेक्षा त्याच्यानंतरचं वर्ष महत्त्वाचं वाटतं. राजा मेला असता तर काय करायचं ते आता माहीत होतं. पण हा जिवंत होता, येतो म्हणत होता, आणि येत नव्हता. गादी धड भरलेली नाही, धड रिकामी नाही. पोलिश लोकांनी त्याला मुदत घातली : १२ मे १५७५ पर्यंत परत या, नाहीतर पद रिकामं धरू. त्या वर्षी फेब्रुवारीत हेन्रीचा फ्रान्समध्ये राज्याभिषेक झाला आणि दोनच दिवसांनी त्याने लोरेनच्या लुईझशी लग्नही केलं. (ती फ्रान्समधली विवाहिता तोवर वारली होती.) इकडे आना क्राकूव्हच्या लग्नाच्या बोलण्यांत तशीच अडकलेली. मुदत संपली, कुणी आलं नाही.

आता माझं. पहिल्या कंपनीत माझा दोन वर्षांचा बाँड होता आणि बंगलोरची ऑफर आली. शुक्रवारी रात्रीची बस पकडली. आयडी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं, कुणाला काही बोललो नाही. सांगितलं तर थांबवतील, आणि माझ्या लीडने थांबवलं असतं तर मी थांबलो असतो, ही खरी भीती. त्यांनीच मला सगळं काम शिकवलं होतं. सहा-सात वर्षांनी एका लग्नात ते भेटले. मी टाळायच्या आत त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "अरे, दोन दिवस आम्ही हॉस्पिटलांना फोन करत होतो. तुझ्या रूमवर जाऊन आलो." मग हसून, "आणि तुझ्या मशीनचा पासवर्ड काय होता रे?" मी सांगितला. अजून पाठ होता. मला वाटत होतं की मी गेल्यावर सोमवारी फक्त शिव्या पडल्या असतील.

पोलंडचं पुढे बरं झालं. डिसेंबर १५७५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. सिनेटने ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं नाव पुकारलं, पण उमरावांनी आनाला स्वतःच्या हक्काने राज्यावर निवडलं, आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या स्टेफान बाथोरीला तिचा नवरा आणि सहराजा म्हणून बोलावलं. १ मे १५७६ रोजी व्हावेलवरच लग्न आणि राज्याभिषेक झाला. बाथोरी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, लग्न काही सुखाचं झालं नाही, पण राजा म्हणून पोलंडच्या चांगल्या राजांत त्याची गणना होते. त्याने कलमांची शपथही घेतली. ज्याने ती टाळली त्याचंच नाव त्या कलमांना कायमचं चिकटलं, आणि १७६४ साली गादीवर आलेल्या शेवटच्या राजापर्यंत प्रत्येकाला 'हेन्रीच्या कलमांना' बांधून घ्यावं लागलं.

हेन्री मात्र मरेपर्यंत स्वतःला फ्रान्स आणि पोलंडचा राजा म्हणवत राहिला. प्रोफाइल अपडेट केलंच नाही. १५८९ मध्ये एका माथेफिरू जोगड्याने त्याला भोसकलं. मूलबाळ नव्हतं, त्याचंही घराणं त्याच्याबरोबर संपलं. आना त्याच्यानंतर सात वर्षं जगली.

परवा आमच्या त्या मुलाचा लॅपटॉप कुरियरने आला. चार्जरसकट, नीट गुंडाळलेला. चिठ्ठी नव्हती. मी त्याला 'मिळाला' एवढाच मेसेज केला आहे.