आर्थिक संकट आणि लोकसेवेची पुनर्रचना : न्यूझीलंडचा अनुभव

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांनी शासनयंत्रणेचा आकार कमी करण्याचे प्रयत्न केले. परंतु १९८४ मध्ये जेमतेम ३२ लाख लोकसंख्या असलेल्या न्यूझीलंडने हे काम ज्या वेगाने व ज्या तात्त्विक आग्रहाने केले, त्याला तोड सापडणे कठीण आहे. नवलोकव्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हा देश आदर्श नमुना म्हणून येतो. या सुधारणांनी शासनाचा हिशेब स्पष्ट केला, हे निर्विवाद होय. तथापि त्यांनी शासनाची जबाबदारीही तितकीच स्पष्ट केली काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जुलै १९८४

न्यूझीलंडची अर्थव्यवस्था दीर्घकाळ ब्रिटनला जाणाऱ्या लोकर, मांस व लोण्यावर उभी होती. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि त्याच वर्षी तेलाचे भावही भडकले. पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांनी अर्थखाते स्वतःकडेच ठेवले होते. शेतीला अनुदाने, कर्ज काढून उभारलेले अवजड ऊर्जाप्रकल्प आणि १९८२ पासून वेतन व किमती गोठविणारे आदेश हे त्यांचे उपाय. १४ जून १९८४ रोजी त्यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली आणि चलनाचे अवमूल्यन होणार या अटकळीने पैसा देशाबाहेर जाऊ लागला. १४ जुलैला डेव्हिड लाँगी यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्ष विजयी झाला. दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेला परकीय चलनाचे व्यवहार थांबवावे लागले. नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झालेला नव्हता आणि पराभूत पंतप्रधान अवमूल्यनास तयार नव्हते. अखेर ते नमले व १८ जुलैला २० टक्के अवमूल्यन झाले.

या चार दिवसांचे राजकीय मोल फार मोठे ठरले. मतदारांसमोर ज्या गोष्टींची चर्चाच झाली नव्हती, त्या आता अपरिहार्य म्हणून मांडता आल्या. अर्थमंत्री रॉजर डग्लस व अर्थखात्यातील अधिकारी यांच्याकडे आराखडा होता. संकटाने त्यांना संधी दिली. श्रमिकांच्या पक्षाने बाजारपेठेचा मार्ग धरावा, हा विरोधाभास त्या पक्षालाही फार काळ पेलला नाही. १९८८ च्या अखेरीस डग्लस मंत्रिमंडळाबाहेर पडले आणि ऑगस्ट १९८९ मध्ये लाँगी यांनी राजीनामा दिला.

खात्यांची फोड

सुधारणांचे सूत्र सोपे होते. एकाच खात्याने धोरण ठरवावे, व्यापार करावा आणि नियमनही करावे, यातून कोणतेच काम नीट होत नाही. म्हणून ही कामे वेगळी करावीत. १९८६ च्या सरकारी उद्योग कायद्यानुसार १ एप्रिल १९८७ पासून वीज, कोळसा, वने, जमीन, टपाल इत्यादी व्यवहार नफ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या महामंडळांकडे गेले. जुन्या टपालखात्याचे टपाल, दूरध्वनी व बँक असे तीन तुकडे झाले. त्यांपैकी दूरध्वनी कंपनी १९९० मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांना विकण्यात आली.

१९८८ च्या कायद्याने खात्यांच्या कायम प्रमुखांची जागा मुदतीच्या करारावरील मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी घेतली. ब्रिटिश परंपरेतील कायम सनदी सेवेशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला या बदलाची तीव्रता सहज कळेल. १९८९ च्या सार्वजनिक वित्त कायद्याने खात्याला निधी देताना त्याने नेमके कोणते काम करून द्यावयाचे, हे आधी ठरविणे बंधनकारक केले. १९८४ मध्ये लोकसेवेत ८० हजारांहून अधिक कर्मचारी होते. दशकभरात ही संख्या निम्म्याहूनही कमी झाली. अर्थात त्यातील बरेचसे महामंडळांकडे वर्ग झालेले होते.

हिशेबाबाहेरचे काम

जुन्या खात्यांमध्ये अकार्यक्षमता होती, हे सुधारणांच्या टीकाकारांनीही फारसे नाकारलेले नाही. परंतु ही खाती कोणत्याही ताळेबंदात न दिसणारे एक काम करीत होती. वनखाते केवळ झाडे लावीत नव्हते; मिंगिनुईसारखी वनवस्तीची गावे त्याच्या रोजगारावर जगत होती. त्यांतील रहिवासी बहुसंख्येने माओरी होते. खाते बंद झाल्यावर गावे उरली, काम उरले नाही. ५ फेब्रुवारी १९८८ या एकाच दिवशी ४३२ टपाल कार्यालये बंद झाली. अनेक लहान गावांत ते कार्यालय म्हणजेच सरकार होते.

माओरी समाजाने मात्र हा बदल निमूटपणे स्वीकारला नाही. सरकारी जमिनी महामंडळांकडे गेल्यास १८४० च्या वाइटांगी करारानुसारचे त्यांचे दावे कायमचे बुडाले असते. कराराच्या तत्त्वांशी विसंगत कृती सरकारला करता येणार नाही, असे एक कलम कायद्यात होते. त्याच्या आधारे माओरी परिषदेने दाद मागितली आणि जून १९८७ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. संरक्षक तरतुदी केल्याशिवाय हस्तांतर करता येणार नाही, असे ठरले. आर्थिक निकडीच्या लाटेला घटनात्मक बांध पडल्याचे हे त्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण होय.

केव्ह क्रीक

२८ एप्रिल १९९५ रोजी पश्चिम किनाऱ्यावरील पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक येथे दरीवरील निरीक्षण-मंच कोसळून १४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत १३ विद्यार्थी होते व एक निसर्गसंवर्धन खात्याचा अधिकारी. हे खातेही १ एप्रिल १९८७ च्याच पुनर्रचनेतून निर्माण झाले होते. मंचाची रचना पात्र अभियंत्याने केलेली नव्हती, बांधकाम परवानगी घेतलेली नव्हती आणि बोल्टऐवजी खिळे वापरलेले होते. चौकशी आयोगाने खात्याची अपुरी साधने व सदोष कार्यपद्धती यांवर बोट ठेवले, पण कोणा एका व्यक्तीला दोषी धरले नाही. तत्कालीन कायद्यानुसार खात्यावर फौजदारी खटलाही भरता येत नव्हता. संबंधित मंत्र्यांनी राजीनामा दिला, तो मे १९९६ मध्ये.

येथे सुधारणांच्या मूळ गृहीतकालाच धक्का बसतो. मंत्री काम खरेदी करतो आणि मुख्य अधिकारी ते पुरवितो, अशी मांडणी जबाबदारी निश्चित करण्यासाठीच केलेली होती. प्रत्यक्षात कराराच्या प्रत्येक टोकाला आपापल्या मर्यादेत काम झाल्याचे दाखविता आले. त्याच १९९६ साली अमेरिकन अभ्यासक ॲलन शिक यांनी सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात सुधारणांची प्रशंसा केली. मात्र कराराने ठरविलेली उत्तरदायित्वाची चौकट आणि अंतःकरणातून येणारी जबाबदारी या एकच नव्हेत, हेही त्यांनी नोंदविले.

सरकारी संस्थांवर फौजदारी खटल्याची तरतूद २००२ मध्ये झाली. १९८८ चा कायदा रद्द करून आणलेल्या २०२० च्या लोकसेवा कायद्यात समाजसेवेच्या वृत्तीचा उल्लेख ठळकपणे केला गेला. हेच शब्द १९८८ च्या कायद्याच्या शीर्षकातही होते. पण त्यांच्यासाठी वार्षिक हिशेबात रकाना नव्हता.