आंबिलीचे मडके आणि प्रथिनांचा डबा

कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे आणि मराठीत ‘खेड’ म्हणजेही खेडेच. बिदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात हळ्ळीखेड (बी) नावाचे गाव आहे. त्याच्या नावात दोन भाषा एकाच घोंगडीवर शेजारी बसल्यासारख्या दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर हा सारा मुलूख हैदराबादच्या कारभारात होता. त्या दिवशी बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि हुमनाबाद-भालकीकडचा भाग म्हैसूर राज्यात आला. सरहद्द आखली गेली. परंतु न्याहारीची वाटणी कोणाला करता आली नाही. मराठी घरातील आंबील आणि कानडी घरातील अंबली ही एकाच मडक्यातून येत राहिली.

पिऊन भागवण्याची न्याहारी या मुलखाला नवी नाही. आज शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, सकाळी भाकरी-पोळीऐवजी दुधात किंवा पाण्यात प्रथिनांची भुकटी घुसळून पिण्याची चाल पडत आहे. वेळ वाचतो, शरीर कमावले जाते, पोट सुटत नाही, अशी तिची ख्याती. अन्नातील एकच घटक वेगळा काढून त्याला डब्यात भरावे आणि जेवणाच्या जागी बसवावे, या कल्पनेला दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्या इतिहासात जोंधळ्याच्या या पट्ट्याचा, शेजारच्या हैदराबाद शहराचा आणि साताऱ्याकडील एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा महत्त्वाचा भाग आहे. म्हणूनच तो सीमाभागातील माणसाने जाणून घेण्याजोगा आहे.

प्रथम आंबिलीविषयी. ज्वारीचे, म्हणजे इकडच्या जोंधळ्याचे, पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर आंबत ठेवावयाचे, सकाळी ते शिजवावयाचे आणि मीठ, जिरे, लसूण घालून, निवाल्यावर ताक मिसळून प्यावयाचे. आंबवण्याने पीठ पचावयास हलके होते आणि त्यातील लोहासारखी खनिजे शरीरास अधिक सुलभतेने मिळतात, असे आता रसायनशास्त्र सांगते. उन्हात राबणाऱ्यास पाणी, मीठ आणि अन्न एकाच वाडग्यात मिळावे, ही त्यातील सोय मात्र शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होती. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर, धाराशिव, बिदर आणि कलबुर्गीकडे येळवस साजरी होते. त्या दिवशी सारे घर शेतावर जाते, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि आंबिलीचे मडके मध्ये ठेवून पंगत बसते. परंतु त्या पंगतीत आंबील एकटी नसते. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे व वालाचे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली भज्जी तिच्या सोबतीला असते. बरोबर भाकरी असते, उंडे असतात, तीळ आणि शेंगदाणेही असतात. जोंधळ्याला कडधान्याची जोड मिळाली, की ते अन्न पुरे होते.

ही जोड तुटली म्हणजे काय होते, याचाही पुरावा याच भूमीत सापडला. त्यामुळे जुन्या अन्नाची डोळे मिटून स्तुती करणे न्यायाचे होणार नाही. कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा १९५०च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादला आली; तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तेथील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना दख्खनच्या पठारावरील गरीब, केवळ जोंधळ्यावर जगणाऱ्या माणसांत पेलाग्रा हा रोग आढळला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे उठतात, अतिसार होतो आणि मनाचा तोल जातो, अशी त्याची लक्षणे. तोवर हा रोग मक्यावर जगणाऱ्या दरिद्री लोकांचा म्हणून प्रसिद्ध होता. १९६० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी जोंधळ्याच्या प्रथिनातील ल्यूसिन या घटकाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. त्या अनुमानावर पुढे बराच वाद झाला. परंतु एकाच धान्यावर भागवणाऱ्या माणसाच्या हालाचे ते चित्र खरे होते. जोंधळ्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते विपुल असते. डाळीत मिथिओनिन कमी. ते धान्य भरून काढते. वरण-भाकरी आणि झुणका-भाकरी या जोड्यांमागील रसायन हेच होय. ज्याच्या घरी वरण शिजत नव्हते, त्याच्या भाकरीत मात्र ही उणीव राहत होती.

आता ‘प्रथिन’ या शब्दाकडे वळू. डच रसायनशास्त्रज्ञ म्यूल्डर याने १८३८ साली ‘प्रोटीन’ हे नाव रूढ केले. ते सुचवले होते स्वीडनच्या बर्झेलियस याने. ग्रीक भाषेतील ‘पहिले’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले होते, आणि मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्दही ‘प्रथम’शी नाते सांगतो. नावातच पहिला मान मिळालेल्या या पदार्थाविषयी शास्त्रज्ञांचाही समज फार मोठा झाला. जर्मनीचा विख्यात रसायनशास्त्रज्ञ लीबिख याचे मत असे की, स्नायूंचे सारे बळ प्रथिनाच्या ज्वलनातूनच येते. १८६५ साली फिक आणि विस्लिसेनस या दोघा अभ्यासकांनी प्रथिनविरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढून दाखवले. त्यांच्या लघवीतील नायट्रोजन मोजला, तेव्हा त्या चढणीला लागलेली शक्ती प्रथिनातून आलेली असणे शक्य नाही, हे सिद्ध झाले. पोळी-भाकरीतील पिष्टमय पदार्थ आणि तेल-तूप हेच श्रमाचे मुख्य इंधन ठरले. प्रथिन शरीराच्या बांधणीसाठी व डागडुजीसाठी लागते. सिद्धान्त मागे पडला, तरी ‘बळ म्हणजे प्रथिन’ ही समजूत लोकांच्या मनातून गेली नाही.

विसाव्या शतकात तिला करुणेची जोड मिळाली. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात क्वाशिओरकोर या बालरोगाचे वर्णन केले. अंगावर सूज, केस भुरकट आणि चेहरा मलूल, असे ते मूल. हा प्रथिनांच्या अभावाचा रोग मानला गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सारे जग प्रथिनांच्या तुटवड्याच्या चिंतेने व्यापले. अमेरिकेत क्लिफर्ड क्लिंटन या उपाहारगृहचालकाच्या आग्रहावरून रसायनशास्त्रज्ञ हेन्री बोरसूक यांनी सोयाबीनपासून एक स्वस्त सकस पीठ सिद्ध केले. त्याच्या प्रसारासाठी १९४६ साली ‘मील्स फॉर मिलियन्स’ ही संस्था निघाली. म्हैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याला भारतीय रूप दिले: ७५ भाग तेल काढलेल्या भुईमुगाचे पीठ आणि २५ भाग हरभऱ्याचे पीठ, वर जीवनसत्त्वे आणि खनिजे. आजच्या प्रथिनांच्या डब्याचे हे गरिबांसाठी कल्पिलेले भावंड म्हणता येईल.

या प्रयत्नामागील हेतू थोर होता. परंतु वाटेत दोन अडचणी आल्या. पहिली अकस्मात आली. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, हे कारण निघाले. भुईमुगाच्या प्रथिनावर भिस्त ठेवणाऱ्या योजनांना त्याने मोठा धक्का दिला. दुसरी अडचण विचारातली होती आणि ती अधिक खोल होती. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६८ साली येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देणारा अहवाल प्रसिद्ध केला. आणि त्याच सुमारास, ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता त्या देशातूनच, एक शंका पुढे आली.

ती शंका हैदराबादेत रुग्णशय्येजवळ जन्मली. गोपालन यांनी १९६८ साली दाखवून दिले की, सुजलेली मुले आणि नुसती हाडांचा सापळा झालेली मुले यांच्या आहाराच्या प्रकारात काही फरक सापडत नाही. दोघांनाही अन्नच अपुरे मिळत होते. पुढे तेथेच अर्धपोटी मुलांना १४ महिने रोज सुमारे ३१० कॅलरी देणारा, परंतु अवघे ३ ग्रॅम प्रथिन असलेला खाऊ जादा दिला गेला. मुलांची वाढ सुधारली. घरच्या अन्नात प्रथिन होते. परंतु पोट रिकामे असल्याने शरीर ते प्रथिन सरपणासारखे जाळून टाकीत होते. घरात लाकूडफाटा नसला म्हणजे माणूस दाराच्या फळ्या चुलीत घालतो, तसाच हा प्रकार.

हीच गोष्ट आकड्यांच्या भाषेत मांडली ती डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले आणि १९५१पासून सुमारे वीस वर्षे रोम येथील जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांनी भारतीय कुटुंबांच्या प्रत्यक्ष आहाराची मोजदाद तपासून सांगितले की, ज्यांना धान्य-कडधान्याचे नेहमीचे जेवण पोटभर मिळते त्यांच्यात प्रथिनांची टंचाई क्वचितच आढळते. प्रथिनांची उणीव ही बहुधा भुकेची सावली असते. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाची ‘प्रथिनांचा महान फज्जा’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली कठोर समीक्षा केली. १९५५पासून काम करणारा संयुक्त राष्ट्रसंघाचा प्रथिन सल्लागार गट १९७७ साली बंद झाला. सुखात्मे यांची सर्वच मते मात्र निर्विवाद ठरली नाहीत. भुकेल्यांची संख्या फुगवून सांगितली जाते, असे ते म्हणू लागले, तेव्हा साताऱ्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९८०च्या दशकात त्यांच्याशी जाहीर वाद घातला. परंतु भुकेवर डब्यातील प्रथिन हा उतारा नाही, हे सूत्र टिकून राहिले.

भुकेल्यांसाठी योजिलेला डबा असा मागे पडत असता पोट भरलेल्यांसाठी दुसरा डबा पुढे येत होता. अमेरिकेत मीड जॉन्सन या कंपनीने १९५९ साली ‘मेट्रेकाल’ नावाचे पेय बाजारात आणले. जेवण सोडून ते प्यावे आणि वजन उतरवावे, हा त्याचा उद्देश. १९६४ साली कार्नेशन कंपनीने दुधात मिसळावयाची ‘झटपट न्याहारी’ काढली. पुढे चीज करताना उरणारी निवळी, जी एके काळी जनावरांना पाजली किंवा ओतून दिली जाई, ती गाळून, वाळवून तिची भुकटी होऊ लागली. व्यायामशाळांतून फिरणारा आजचा डबा बहुधा हाच.

त्या डब्याचा न्याय मापाने करावा. निवळीचे प्रथिन उत्तम प्रतीचे असते. ३० ग्रॅम भुकटीत २० ते २५ ग्रॅम प्रथिन मिळते. आजाऱ्याला, चावता न येणाऱ्या वृद्धाला वैद्याच्या सल्ल्याने त्याचा उपयोग होतो. परंतु भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या प्रमाणानुसार प्रौढास रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम, प्रथिन पुरते. १०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून १० ग्रॅम, ३० ग्रॅम तुरीच्या वरणातून ६ ग्रॅमहून अधिक, आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळतात. एका जेवणात जवळजवळ निम्मी गरज भागते. शिवाय तंतू, लोह आणि श्रमाचे इंधनही त्याच ताटात येते, जे भुकटीत नसते किंवा फार थोडे असते. याउलट नुसत्या आंबिलीच्या पेल्यात प्रथिन थोडेच, हेही तितकेच खरे. २०२४ साली हैदराबादच्या त्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असा सल्ला दिला.

या इतिहासाचा हिशेब हळ्ळीखेडच्या रानात मांडून पाहावा. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तेथील तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बिदरच्या शिवारात आज सोयाबीन मोठ्या प्रमाणावर होते. क्लिंटन यांनी गरिबांच्या वाडग्यासाठी निवडलेले तेच बी येथून तेलाच्या गिरणीत जाते आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. तूर पिकवणारा शेतकरी तूर विकतो. तिचा भाव चढला, की मजुराच्या घरचे वरण पातळ होते. जोंधळ्याची जागा नगदी पिके घेत आहेत, आणि सकाळच्या आंबिलीऐवजी पोरांच्या हाती चहा आणि बिस्किटाचा पुडा येतो. अशा घरात प्रथिनांचा डबा पोचला नाही, याची खंत करावयाचे कारण नाही. डाळ पोचत नाही, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

येळवशीच्या दिवशी शेतात जमलेल्या पंगतीला कोणी आकडे सांगत नाही. आंबिलीच्या मडक्याशेजारी भज्जीचे पातेले असते, आणि वाटसरूलाही हाक मारून बसवतात. शास्त्राने दीडशे वर्षांत अनेक वळणे घेऊन जे पुन्हा शोधले, ते त्या दोन भांड्यांच्या शेजारात आहे. ते वर्षातून एक दिवस न राहता रोजच्या सकाळी, आणि प्रत्येक घरी, कसे येईल, एवढेच काम उरले आहे.