राज्यशास्त्र : एका पदवी-विषयाची जन्मकथा

दरवर्षी जून महिना लागला की शाळा सोडून गेलेली मुले-मुली पालकांसह पुन्हा एकदा आमच्या कचेरीत येतात. विज्ञानशाखेकडे जाणाऱ्यांचे निर्णय घरीच झालेले असतात. सल्ला हवा असतो तो कलाशाखेकडे वळणाऱ्यांस. गेल्या वर्षी अशीच एक हुशार विद्यार्थिनी आली. बी. ए.ला राज्यशास्त्र हा मुख्य विषय घ्यावा, असा तिचा मनोदय होता. वडील मात्र नाराज दिसले. "सर, हिला काय पुढारी व्हायचंय? आणि राजकारण शिकायला कॉलेजात कशाला जावं लागतं?" असे ते म्हणाले. मुलगी खाली मान घालून बसली होती. स्पर्धा-परीक्षांत हा विषय उपयोगी पडतो, कायद्याच्या अभ्यासास पूरक ठरतो, असे मी सांगितले. त्यात खोटे काही नव्हते. पण विद्येचे समर्थन केवळ तिच्या बाजारभावावरून केल्याची रुखरुख मनाला लागून राहिली. त्या प्रश्नाचे खरे उत्तर विषयाच्या इतिहासातच आहे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

राज्याविषयीचे चिंतन फार जुने आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने आणि आपल्याकडे कौटिल्याने ते शास्त्ररूपाने मांडले. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश आपणां मराठी माणसांस अपरिचित नाही. परंतु पूर्वी हे ज्ञान मुख्यतः राजपुत्रांसाठी आणि कारभाऱ्यांसाठी होते. सामान्य घरातील विशीतल्या विद्यार्थ्याने ते विद्यापीठात बसून शिकावे, ही कल्पना प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात रुजली; आणि ती कोठे व केव्हा रुजली हे पाहू लागलो, की एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. ज्या देशात राज्याला तडा गेला होता किंवा जाऊ घातला होता, तेथेच ह्या विषयाचे अध्यासन मांडले गेले.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात १८५७ साली फ्रान्सिस लीबर यांची नेमणूक झाली. 'इतिहास व राज्यशास्त्र' असे नामाभिधान धारण करणारे ते त्या देशातील पहिले प्राध्यापक मानले जातात. लीबर मूळचे प्रशियाचे. कोवळ्या वयात ते नेपोलियनविरुद्ध लढले व जखमी झाले. पुढे राजकीय मतांपायी त्यांना तुरुंग पाहावा लागला व अखेर देश सोडावा लागला. कोलंबियास येऊन चारच वर्षे होतात तोच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लीबरांचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूने लढताना मरण पावला, तर दुसऱ्याने उत्तरेच्या बाजूने लढताना हात गमावला. राज्य दुभंगते म्हणजे काय होते, हे ह्या प्राध्यापकाने आपल्याच घरात पाहिले. युद्धातही सैन्याने कोणत्या मर्यादा पाळाव्यात, याची जी संहिता १८६३ साली उत्तरेच्या सरकारने जारी केली, ती मुख्यत्वे त्यांनीच रचली होती.

लीबरांनंतर त्याच संस्थेत आले जॉन बर्जेस. टेनेसी प्रांतातील गुलाम बाळगणाऱ्या, तरीही संघराज्याशी एकनिष्ठ असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. रणांगणाजवळ रात्री पहारा करीत असताना, माणसांनी आपले तंटे तलवारीऐवजी विचाराने कसे सोडवावेत ह्याच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहण्याचा संकल्प आपण केला, असे त्यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे. जर्मन विद्यापीठांत शिकून ते परतले आणि १८८० साली त्यांनी कोलंबियात राज्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय उघडले. महाविद्यालयाची तीन वर्षे पुरी केलेल्यांस तेथे प्रवेश मिळे.

फ्रान्सची कथाही अशीच आहे. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा दारुण पराभव केला. हा पराभव केवळ सैन्याचा नसून राज्य चालविणाऱ्यांच्या शिक्षणाचाही आहे, असे एमिल बूत्मी यांस वाटले, आणि १८७२ साली त्यांनी पॅरिसमध्ये राज्यविद्यांची खासगी शाळा सुरू केली. सिडनी वेब प्रभृतींनी १८९५ साली लंडनमध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांची जी शाळा काढली, तिच्यापुढे हाच पॅरिसचा नमुना होता. पहिल्या महायुद्धात ऑक्सफर्डची एक पिढी कापली गेली. त्यानंतर १९२० साली तेथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा संयुक्त पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. राज्यशास्त्र आता खऱ्या अर्थाने बी. ए.च्या वर्गात येऊन बसले.

येथवरची कथा ऐकून कोणासही वाटेल, की ह्या विषयाचे आद्य आचार्य म्हणजे मानवतेचे पुजारीच असले पाहिजेत. इतिहास मात्र इतका सरळ नसतो. शांततेचा संकल्प सोडणारे बर्जेस गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांस मताधिकार देणे ही घोडचूक समजत. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे मत निःसंकोचपणे मांडले. त्यांचे शिष्य व सहकारी विल्यम डनिंग यांच्या परंपरेने त्याच मताला इतिहासाची वस्त्रे चढविली. राज्याची जखम ज्यांनी पाहिली, त्यांना त्याच राज्यातील माणसांची जखम दिसली नाही.

बर्जेस १९१२ साली निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी घडविलेल्या राज्यशास्त्र-शाखेत एक भारतीय विद्यार्थी दाखल झाला. आमच्या वडोदऱ्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन पाठविलेला हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आदींचे अध्ययन त्यांनी केले. १९१५ साली ते तेथे एम. ए. झाले. ज्या संस्थेच्या आचार्यांनी दलितांच्या मताधिकाराला विरोध केला, त्याच संस्थेत शिकलेल्या ह्या विद्यार्थ्याने १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे ज्या घटनेच्या मसुदासमितीचे ते अध्यक्ष होते, तिने जात, धर्म, लिंग, मालमत्ता वा शिक्षण असा कोणताही भेद न करता प्रत्येक प्रौढ नागरिकास मत दिले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना, राजकारणात समता व समाजजीवनात विषमता असा विरोध फार काळ चालू ठेवल्यास लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशाराही त्यांनी दिला.

ह्यावरून मला बोध होतो तो असा : विषय हा त्याच्या संस्थापकांच्या मालकीचा नसतो. आचार्य आपला प्रश्न घेऊन तो उभारतात. परंतु ज्याच्या अंगावर निराळा घाव आहे असा विद्यार्थी वर्गात येतो, तेव्हा त्या शास्त्राला नवे डोळे फुटतात.

आपल्या देशात हा विषय बराच काळ इतिहासाच्या आश्रयाने राहिला. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली कौटिलीय अर्थशास्त्र प्रसिद्ध केले, आणि राज्यविचार केवळ पश्चिमेचा नव्हे, हे अभ्यासकांस उमगले. लखनौस १९२१ साली राज्यशास्त्राचा विभाग निघाला. १९३८ साली अखिल भारतीय परिषद स्थापन झाली. मुंबई विद्यापीठात १९४८ साली नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग उघडला. फाळणीच्या जखमा ताज्या असतानाच १९५० साली घटना अमलात आली, आणि ती समजून घेणे हे पदवीधराचे कर्तव्य ठरले. आज मात्र आमचे विद्यार्थी कलमांचे क्रमांक पाठ करतात, मार्गदर्शिका वाचतात आणि उत्तीर्ण होतात. ज्या प्रश्नातून शास्त्र जन्मले, तो प्रश्न तेवढा वर्गाबाहेर राहतो. ह्यात दोष त्यांच्याइतकाच आम्हां शिक्षकांचाही आहे.

त्या दिवशी ती मंडळी उठता उठता मी मुलीला सहज विचारले, "हाच विषय का ग?" ती क्षणभर वडिलांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, माझी मावशी गावाला सरपंच आहे. राखीव जागा होती म्हणून निवडून आली. पण ग्रामपंचायतीत खुर्चीवर काका बसतात, ती घरी सही करते. कायदा तर बायकांसाठी केला होता ना? मग असं का होतं?"

वडील काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर आम्ही शाळेत धडा शिकवितो, त्यावर गुणही देतो. पण तो प्रश्न आमच्या वर्गात कधी कोणी विचारला नव्हता, कारण तो विचारायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. लीबरांनी जो प्रश्न आपल्या घरात पाहिला आणि आंबेडकरांनी जो जन्मापासून सोसला, त्यांच्याच जातीचा हा प्रश्न होता. त्या मुलीने राज्यशास्त्र घेतले. वडिलांनी अर्जावर माझ्यासमोरच सही केली.