पायाभूत अभ्यासक्रम (वैद्यकीय शिक्षण)

पायाभूत अभ्यासक्रम अथवा फाउंडेशन कोर्स हा भारतात एमबीबीएस पदवीस प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रथम वर्षाच्या प्रारंभी घेतला जाणारा परिचयपर अभ्यासक्रम आहे. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने २०१९ साली लागू केलेल्या क्षमताधारित वैद्यकीय अभ्यासक्रमाचा तो पहिला टप्पा होय. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतल्यावरही तो कायम राहिला. मात्र त्याचा कालावधी पुढे कमी करण्यात आला.

पार्श्वभूमी

नीट परीक्षेच्या तयारीत दोन-तीन वर्षे घालवलेला विद्यार्थी एकदम शवविच्छेदनगृहात येतो. त्याला वसतिगृह, इंग्रजी माध्यम आणि मोठा अभ्यास यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. पूर्वी बहुतेक ठिकाणी अधिष्ठात्यांचे स्वागतपर भाषण आणि महाविद्यालयाची फेरी एवढ्यावरच परिचय आटोपत असे. परिषदेच्या ‘व्हिजन २०१५’ या दस्तऐवजात स्वतंत्र पायाभूत अभ्यासक्रमाची शिफारस करण्यात आली होती.

स्वरूप

२०१९ च्या आराखड्यानुसार अभ्यासक्रम एक महिन्याचा व १७५ तासांचा होता. त्यांपैकी परिचयसत्रांना ३० तास, प्रथमोपचार, मूलभूत जीवनरक्षण व जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन यांसारख्या कौशल्यांना ३५, व्यावसायिक विकास व नीतिमूल्यांना ४०, भाषा व संगणक यांना ४०, खेळ, योग व कलांना २२, तर आरोग्य केंद्राच्या भेटीला ८ तास होते.

विद्यार्थ्यांची मते

अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रश्नावलीद्वारे विद्यार्थ्यांचे अभिप्राय घेऊन ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांत प्रत्यक्ष हाताने करावयाच्या गोष्टी, विशेषतः पुतळ्यावर छातीदाब देण्याचा सराव, सामान्यतः पसंत पडलेल्या दिसतात. खेळ, ताणतणाव व वेळेचे नियोजन यांवरील सत्रांनाही चांगला प्रतिसाद मिळतो. सहाध्यायांशी व शिक्षकांशी ओळख झाल्याने भीती कमी झाली, असेही विद्यार्थी नमूद करतात.

तक्रारींचा सूर मुख्यतः लांबीबद्दल व व्याख्यानांबद्दल असतो. दिवसभर एकाच सभागृहात बसून नीतिमूल्यांवर भाषणे ऐकणे कंटाळवाणे होते. रुग्ण अद्याप पाहिलेलाच नसल्याने त्यांतील प्रसंग दूरचे वाटतात. संगणकाचे प्राथमिक धडे ज्यांना आधीच येतात, त्यांना ते तास वाया गेल्यासारखे वाटतात. शरीररचनाशास्त्रासारख्या विषयांना तोच वेळ मिळाला असता, असे म्हणणारेही असतात. प्रवेशाच्या उशिराच्या फेऱ्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा बराचसा अभ्यासक्रम बुडतो, आणि नवख्या वातावरणात आधाराची गरज बहुधा त्यांनाच अधिक असते.

भाषेच्या तासांबाबत मते सर्वांत विभागलेली आहेत. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने महाराष्ट्रात दरवर्षी अमराठी विद्यार्थी येतात. त्यांच्यासाठी मराठीचे वर्ग असतात. ‘कुठं दुखतंय’, ‘कधीपासून’ एवढे विचारता येणे हे वॉर्डात लगेच उपयोगी पडते. मराठी माध्यमातून आलेल्यांना मात्र इंग्रजीची धास्ती असते, आणि काही तासांत ती जात नाही.

शपथेचा वाद

आयोगाने २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणात प्रवेश करतेवेळी सुधारित महर्षी चरक शपथ घेण्याची शिफारस केली. त्याच वर्षी मदुराई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नवीन विद्यार्थ्यांनी ही शपथ घेतल्यावर तमिळनाडू सरकारने तेथील अधिष्ठात्यांना पदावरून हटवले. काही दिवसांनी त्यांची पुन्हा नियुक्ती झाली. हिप्पोक्रेटिसच्या शपथेऐवजी चरक शपथ असावी का, हा वाद त्यानंतर देशभर चर्चिला गेला.

मूल्यमापनाच्या मर्यादा

उपलब्ध अभिप्राय बहुतांशी एकेका महाविद्यालयापुरते असून ते त्याच संस्थेच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम संपताच घेतलेले असतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांच्या प्रतिमानात हे समाधान मोजणाऱ्या पहिल्या पातळीत मोडते. पहिल्या महिन्यात शिकलेले जीवनरक्षण आंतरवासितेपर्यंत किती उरते, हे अशा प्रश्नावलीतून कळू शकत नाही.