गिटारच्या मागचं खोकं

ॲप आणि अँप. मराठीत लिहिताना दोघांत फक्त एका टिंबाचा फरक. माझ्या फोनमध्ये सध्या पहिल्याच्या पोटात दुसरे राहतात: एका ॲपमध्ये वीसेक अँप. गिटार फोनला जोडायची, पडद्यावरची चित्रातली बटणं फिरवायची आणि हवा तो आवाज निवडायचा. परवा त्यातला 'जॅझ' हा पर्याय निवडला. आवाज एकदम गोल, मऊ, कडा घासून काढल्यासारखा. छान होता. पण जॅझ गिटारवाल्यांनी ज्याच्यापायी आयुष्यभर खोकी विकत घेतली, विकली, पुन्हा शोधून आणली, जिन्यांवरून वाहिली, ती भानगड त्या एका बटणात काही सापडेना. म्हणून मागे गेलो. ही त्या खोक्यांची गोष्ट. (खोकं म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात भलतंच काही आठवतं, त्याला माझा इलाज नाही.)

गिटारवाल्याचं मूळ दुखणं साधं होतं. तो ऐकूच येत नसे. १९३०च्या दशकातला अमेरिकन बिग बँड डोळ्यांपुढे आणा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन, ड्रम, पियानो. या गदारोळात एक माणूस खुर्चीवर बसून लाकडी गिटारवर दर मात्रेला एक ठोका देतोय. त्याच्यामुळे सगळ्यांची लय घट्ट राहते, पण त्याचा एकही सूर सुटा होऊन समोरच्यापर्यंत पोहोचत नाही. काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन १९३७पासून पन्नास वर्षं हेच करत राहिला आणि त्यातला तो बादशहा होता. त्यानेही मध्ये विजेची गिटार आणून पाहिली होती म्हणे. पण तो सोलो वाजवायला लागला की बँडचा पाया हलायचा, म्हणून मित्रांनीच त्याच्या अँपची वायर काढायला सुरुवात केली, अशी हकीकत जॅझवाले हसत सांगतात. मलाही हसू येतं. मग वाटतं, पन्नास वर्षं ज्याच्या जिवावर बँड चालला, त्याला एक सोलो द्यायला काय हरकत होती?

१९३६ साली गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची गिटार काढली. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, आणि १५० म्हणजे किंमत: गिटार, वायर आणि अँप मिळून दीडशे डॉलर. सोबतच्या अँपचं नाव मात्र ईएच-१५०. यातला एच म्हणजे हवाईयन. मांडीवर आडवी ठेवून वर स्टीलचा तुकडा सरकवत वाजवतात ती गिटार, जिच्यावरच्या जुन्या हिंदी गाण्यांच्या धून आपल्या आजी-आजोबांनी रेडिओवर ऐकल्या. अमेरिकेत तेव्हा तिची लाट होती आणि वीज आधी तिलाच मिळाली. म्हणजे जॅझ गिटारचा पहिला प्रसिद्ध अँप मुळात दुसऱ्याच वाद्याच्या नावाने जन्माला आला होता.

आतली करामत फार अवघड नाही. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. स्टीलची तार थरथरली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. अँपमधले व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत दिवे लागल्यासारखे दिसायचे तेच) ती वीज वाढवतात आणि स्पीकरचा कागदी शंकू हलवतात. म्हणजे कानावर येतो तो आवाज गिटारचा नसतोच. तो कागदाचा असतो. गिटार फक्त काय म्हणायचं ते सांगते, म्हणतं ते खोकं.

हे खोकं पहिल्यांदा नीट बोलकं केलं ते चार्ली ख्रिश्चनने. ओक्लाहोमा सिटीत गरिबीत वाढलेला हा मुलगा. १९३७मध्ये बेसीचा बँड त्या गावातून गेला, तेव्हा बँडमधला ट्रॉम्बोन आणि गिटार दोन्ही वाजवणारा एडी ड्युरहॅम त्याला भेटला. ड्युरहॅम गिटारचा आवाज वाढवायचे उद्योग आधीपासून करत होता. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९३९मध्ये, जॉन हॅमंड या रेकॉर्ड निर्मात्याने ख्रिश्चनला लॉस एंजेलिसला बोलावून क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनपुढे उभं केलं. गुडमन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर. हॅमंडने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, गुडमनने अँप जोडून होईपर्यंतही वाट पाहिली नाही. थोडंसं ऐकलं आणि विषय संपवला.

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गुडमनने ऐकलं ते अर्धंच वाद्य होतं.

त्या रात्री बेव्हर्ली हिल्सच्या व्हिक्टर ह्यूगो रेस्टॉरंटमध्ये गुडमनचा कार्यक्रम होता. मध्यंतरात हॅमंडने आणि बँडमधल्या एकाने मिळून ख्रिश्चनचा अँप स्वयंपाकघराच्या दाराने आत आणला आणि मंचावर ठेवून दिला. गुडमन परत येऊन बघतो तर हा गडी तिथे बसलेला. लोकांसमोर तमाशा नको म्हणून त्याने 'रोझ रूम' ही चीज सुरू केली, पोराला माहीत नसेल या हिशोबाने. पोराला माहीत होती. ती चीज पाऊण तास चालली आणि ख्रिश्चन बँडमध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'डाउन बीट' मासिकात त्याच्या नावाने लेख आला. गिटारवाल्यांनो, वीज वापरा, म्हणजे तुम्ही आहात हे तरी लोकांना कळेल, असा त्याचा सूर. ही हौसेची नाही, पोटाची गोष्ट होती. जो ऐकू येत नाही त्याला कामावर कोण ठेवणार?

ख्रिश्चनच्या गिटारमधल्या त्या पट्टीवजा पिकअपला आजही जगभर 'चार्ली ख्रिश्चन पिकअप' म्हणतात. अँपला त्याचं नाव कोणी दिलं नाही. हा अन्याय नंतरही चालूच राहिला. कोण कुठली गिटार वाजवायचा हे चाहते तोंडपाठ सांगतात. मागे जमिनीवर काय ठेवलं होतं, ते विचारलं की फोटो मोठा करून बघायला लागतात.

आता इथे एक फाटा फुटतो. छोट्या अँपवर जास्त ताण दिला की व्हॉल्व्हना तो पेलवत नाही, आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात आणि सूर करकरीत होतो. रॉकवाल्यांना पुढे हाच करकरीतपणा हवा झाला. जॅझवाल्यांना तो नकोसा झाला. त्यांना एकाच वेळी चार-पाच सुरांचे गुंतागुंतीचे कॉर्ड वाजवायचे असतात, आणि सूर करकरले की त्या कॉर्डचा चिखल होतो. वर त्यांची गिटार पोकळ. आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज लाकडात शिरतो, तारा आपोआप थरथरतात, तो आवाज पुन्हा अँपमध्ये जातो आणि मग गणपतीच्या मंडपात माइक स्पीकरसमोर आला की होते तशी कुई. मी कॉलेजात असताना पोकळ गिटार खरोखरच मंडपातल्या ॲम्प्लिफायरला जोडली होती. आरती थांबली होती, एवढंच सांगतो.

म्हणजे जॅझ गिटारवाल्याची मागणी विचित्र आहे. खोक्याशिवाय तो ऐकू येत नाही, पण खोक्याने स्वतःचं काही बोलायचंही नाही. असं खोकं अजून कोणी बनवलेलं नाही. म्हणून ही मंडळी ती जमवत बसतात.

वेस माँटगोमेरीचंच बघा. इंडियानापोलिसचा हा माणूस विशीच्या आसपास ख्रिश्चनची 'सोलो फ्लाइट' ऐकून वेडा झाला आणि गिटार-अँप घेऊन आला. दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात वादन, मधल्या वेळात घरी रियाज. अँपचा आवाज शेजाऱ्यांना सहन होईना, म्हणून त्याने प्लास्टिकची पट्टी टाकून अंगठ्याने छेडायला सुरुवात केली. तो मऊ, जाड अंगठ्याचा सूर पुढे जगातल्या असंख्य गिटारवाल्यांनी गिरवला. त्यामागे शेजाऱ्यांची तक्रार आणि एक खोकं होतं. १९६०पासून त्याचं नाव झालं, पण अँपच्या बाबतीत त्याचं समाधान झालं नाही. फेंडर झाले, मग मोठ्या स्पीकरचे स्टँडेल झाले. १९६८मध्ये तो गेला तेव्हा ४५ वर्षांचा होता.

जिम हॉलची तऱ्हा याच्या उलट. गिब्सनचा जीए-५० हा साधा, एक मोठा आणि एक छोटा स्पीकर असलेला अँप त्याने वर्षानुवर्षं सांभाळला. तो इतका कमी ठेवायचा की गिटारच्या लाकडाचा आवाजही सोबत ऐकू यावा. १९६२चा 'अंडरकरंट' ऐका, फक्त बिल एव्हान्सचा पियानो आणि हॉलची गिटार. 'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये एव्हान्स वाजवत असताना मागे हॉल दर मात्रेला ठोके देतो, अगदी फ्रेडी ग्रीनसारखे, आणि तिथे गिटार जवळजवळ लाकडीच ऐकू येते. मोठ्याने वाजवण्यासाठी अँप सगळेच वापरतात. हळू वाजवता यावं म्हणून तो वापरणारा हॉल मला या सगळ्यांत जास्त शहाणा वाटतो.

१९६०च्या दशकात व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले. रॉकवाल्यांनी नाकं मुरडली, कारण ट्रान्झिस्टर गोड करकरत नाही. जॅझवाल्यांना तेच हवं होतं. टॉमी गुमिना नावाच्या अ‍ॅकॉर्डियनवादकाने पॉलिटोन ही कंपनी काढली. तिचा मिनी-ब्रूट हा चौकोनी ठोकळा जो पास, हर्ब एलिस अशा अनेकांच्या मागे दिसू लागला. दिसायला काहीच नाही, पण उचलायला सोपा. ही बाब हसण्यावारी नेऊ नका. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलोचा, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीपेक्षा जड. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे जिने एका हातात गिटार घेऊन चढणाऱ्याच्या आवाजाचा निर्णय कान जितका घेतात तितकीच कंबरही घेते. १९७५मध्ये रोलँडने तर 'जॅझ कोरस' याच नावाचा अँप काढला. त्याला नाव मिळवून दिलं मात्र द पोलिस, द क्युअर आणि चक्क मेटॅलिका अशा मंडळींनी. पॅट मेथिनी अ‍ॅकूस्टिक कंपनीचा १३४ नावाचा ट्रान्झिस्टर अँप वीसेक वर्षं घेऊन हिंडला, आणि त्याच्या जोडीला डिलेची यंत्रं लावून एकच सूर मंचभर पसरवायचा.

आपल्याकडे ही चैनच नव्हती. मुंबईत गोवेकर कुटुंबात जन्मलेला आमान्सियो डिसिल्वा पुढे लंडनला गेला आणि १९६९मध्ये तिथे 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो' हे अल्बम केले. कार्लटन किट्टो कोलकात्यात राहून आयुष्यभर ख्रिश्चनच्या वळणाचं बीबॉप वाजवत राहिला. त्या काळात आयातीवर इतकी बंधनं की परदेशी अँप हाती लागणं म्हणजे नशीब. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून बनवून घ्यायचा किंवा हॉटेलात असेल त्यात वायर घालायची. संग्रह करायला आधी दोन तरी लागतात.

आज ईएच-१५० जमवणारे लोक आहेत. ख्रिश्चनचा आवाज हवा म्हणून ते जुने अँप शोधतात, वाळलेले कपॅसिटर बदलतात, फाटलेले शंकू नव्याने बसवतात. त्यातून येतो तो ऐंशीहून अधिक वर्षं वय झालेल्या कागदाचा आवाज. १९३९मध्ये तो कागद नवा होता.

ख्रिश्चनच्या आवाजाच्या सगळ्यात जवळ जायचं असेल तर फोनवरच जा. १९४१मध्ये गुडमनचं काम आटोपलं की तो रात्री हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसला जायचा. थेलोनियस मंक पियानोवर, केनी क्लार्क ड्रमवर, आणि त्या खोलीत पुढे ज्याला बीबॉप म्हणू लागले ते शिजत होतं. खोकं रोज वाहून आणावं लागू नये म्हणून चालक टेडी हिलने त्याच्यासाठी एक अँप तिथेच ठेवून दिला होता. जेरी न्यूमन हा विद्यार्थी तिथे रेकॉर्डिंग करायचा. त्यातला एक तुकडा मध्येच सुरू होतो, ख्रिश्चन आधीच वाजवतोय. इथे बिग बँड नाही, घाई नाही. मोठ्या सुरांवर अँप किंचित खरखरतो, आणि ख्रिश्चनला त्याचं काही वाटत नाही.

वर्षभराच्या आत, २ मार्च १९४२ला, तो क्षयाने गेला. वय २५. तो तुकडा नंतर 'स्विंग टू बॉप' नावाने निघाला. वाजवला तेव्हा ते नाव नव्हतं. मूळ चीज 'टॉप्सी', आणि तिच्या दोन रचनाकारांपैकी एक होता एडी ड्युरहॅम.