विकांताचे पाहुणे

परवा रात्री ताईचा फोन आला तो नेहमीचा "जेवलास का" वाला नव्हता. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. प्रकरण असं की माझी भाची (कॅलिफोर्नियात, अकरावीच्या वयाची) तिच्या मैत्रिणीच्या चर्चबरोबर मेक्सिकोला जायचं म्हणतेय. शुक्रवारी संध्याकाळी व्हॅनमधून निघायचं, सीमा ओलांडायची, शनिवारी एका गरीब कुटुंबाचं लाकडी घर बांधायचं, रविवारी सकाळी तिथल्या लहान मुलांना गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची आणि रात्री परत. तिकडे हे सर्रास चालतं म्हणे. 'मिशन ट्रिप' म्हणतात.

"बाटवतील रे तिला," ताई म्हणाली. आणि मग तिचं ते ठेवणीतलं वाक्य, "तू चौलचा इतिहास वाचतोस ना, मग सांग काय करू."

आता चौलचा इतिहास आणि तिजुआनाची व्हॅन यांचा संबंध काय, असं म्हणून मी फोन ठेवला. पण झोप लागेना. कारण संबंध आहे. आमचं गाव या धंद्यात जुनं आहे, फक्त व्हॅनच्या दुसऱ्या टोकाला.

चौलला थोड्या दिवसांसाठी येऊन गेलेल्या धर्मप्रसारकांत सगळ्यात मोठं नाव फ्रान्सिस झेवियरचं. १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्यात उतरला आणि पुढची दहा वर्षं नुसता फिरत राहिला. तमिळ किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान, आणि शेवटी चीनच्या दारातल्या एका बेटावर डिसेंबर १५५२ मध्ये मरण. १५४४ च्या अखेरीस गव्हर्नर मार्तिम अफोन्सु द सौझाला गाठायला तो उत्तरेकडे आला, तेव्हा चौलला थांबला. जानेवारी १५४५ मध्ये तो परत कोचीनमध्ये आहे, तिथून लिहिलेली त्याची पत्रं आहेत. म्हणजे चौलच्या वाट्याला किती दिवस आले असतील याचा हिशेब तुम्हीच करा. तरी रेवदंड्याच्या किल्ल्यात त्याच्या नावाचं चॅपेल दाखवतात, आणि त्याचं प्रवचन इथे झालं असं गाईड छातीठोकपणे सांगतो.

झेवियरची एक गोष्ट मला लहानपणापासून खटकत आली आहे. त्याला तमिळ येत नव्हतं. दुभाष्यांना बसवून त्याने प्रार्थना तमिळमध्ये करवून घेतल्या, त्या पाठ केल्या आणि गावोगाव म्हणत गेला. बाप्तिस्मे देऊन देऊन हात दुखायला लागतात, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय. माणूस खरा कळवळ्याचा असणार, यात मला शंका नाही. पण समोरचा काही विचारायला लागला की पाठांतर संपतं.

झेवियर गेला, पण पोर्तुगीज राहिले. त्यांचं चौल म्हणजे आजचं रेवदंडा. आमचं वरचं चौल निजामशाहीत होतं, म्हणून रामेश्वराचं देऊळ पोर्तुगीज तटाबाहेर होतं. दोन चौलांमध्ये जेमतेम चालत जाण्याइतकं अंतर. तटाच्या आत मात्र फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, सगळ्यांचे मठ आणि चर्चेस. सातखणी बुरुज म्हणून आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो तो बुरुज नाहीच, फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बरा चर्चचा मनोरा आहे तो. आणि हा काळ काही नुसत्या घंटानादाचा नव्हता. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं. ताईची भीती हवेतून आलेली नाही, हे कबूल केलंच पाहिजे.

१७३९ ला वसई पडली आणि १७४० च्या तहात चौल आणि समोरचा कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला. दोनशे वर्षांचा पसारा पोर्तुगिजांनी आवरला. रेवदंड्यात आज त्या मठांच्या भिंतींमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत.

पण सगळेच गेले नाहीत. ज्यांना जायला दुसरं घरच नव्हतं ते राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढली. रेवदंडा-साळाव पूल ओलांडून उजवीकडे वळलं की कोर्लई. वर डोंगराच्या सोंडेवर अरुंद किल्ला, खाली दीपगृह, आणि पायथ्याच्या गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च. इथली ख्रिस्ती माणसं घरात जी भाषा बोलतात ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिला ती 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. शब्द पोर्तुगीज, पण वाक्य बांधायची रीत हळूहळू मराठी होत गेलेली, क्रियापद आपल्यासारखं शेवटी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे हजाराच्या आसपास. प्रार्थना मराठीत, शाळा मराठीत, बाजार मराठीत, आणि तरी आई पोराला रागावते ती नॉ लिंगमध्ये. मी उभा होतो तिथे एक आजी नातवावर ओरडत होत्या. एक अक्षर कळलं नाही, पण ओरडणं कशाबद्दल होतं ते पूर्ण कळलं.

ज्या राज्याने ही भाषा आणली ते राज्य गेलं, ज्यांनी धर्म दिला ते मठ गेले. दोन्ही टिकवलं ते या पाच-पंचवीस गल्ल्यांनी, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

परतताना रेवदंड्यात बेथ एल सिनेगॉगवरून आलो आणि दुसरी गोष्ट आठवली, ती तर याहून गमतीची आहे. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनरी आले. त्यांच्यातला गॉर्डन हॉल विकांतापुरता आला नव्हता. तो मराठी शिकला, तेरा वर्षं इथे राबला आणि १८२६ मध्ये प्रचाराच्या फेरीवर असतानाच पटकीने गेला. या मिशनने शाळा काढल्या आणि त्यांची नजर गेली आमच्या बेने इस्रायलांकडे, आपल्याकडे ज्यांना शनिवार तेली म्हणत. शिक्षकही बरेचसे त्यांच्यातलेच नेमले. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं.

हेतू उघड होता. निकाल मात्र उलटा लागला. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांनी हिब्रू शिकून घेतली, बायबलातला आपला भाग मराठीत वाचला आणि ते आधीपेक्षा जास्त पक्के यहुदी झाले. १८४६ मध्ये मुंबईत त्यांनी मराठी अनुवादासह हग्गादा छापला. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. पाहुण्यांनी शिदोरी एका कामाला दिली, घरच्यांनी ती भलत्याच कामाला लावली. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं!

असो. रात्री ताईला फोन केला तेव्हा हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. तिने "मुद्द्याचं बोल" म्हणून मध्येच तोडलं (आमच्या घरी इतिहासाची ही किंमत). मी म्हटलं, तिला जाऊ दे. बाटण्याची भीती वाटते तर मग इतकी वर्षं घरात काय शिकवलंस? फक्त तिला विचार, स्पॅनिश येतं का. आणि सोमवारी तिथलं कोण तिच्या लक्षात असणार आहे.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भाची गेली.

तिचा फोन आमच्या सोमवारी दुपारी आला. हातावर फोड आले होते, घर उभं राहिलं होतं, खूश होती. शाळेतलं स्पॅनिश तोडकंमोडकं वापरून घरच्या आजींशी बोलली म्हणे. आजींनी सांगितलं, त्या वस्तीत दर महिन्याला कोणी ना कोणी येतं, वेगळी व्हॅन, वेगळे टी-शर्ट, गाणी तीच.

मग थोडं थांबून म्हणाली, "मामा, निघताना त्यांनी विचारलं, पुन्हा कधी येणार. मला उत्तर देता येण्याइतकं स्पॅनिश येत होतं. पण मी काही बोललेच नाही."